कुणी न दाबता वाजणारी बेल

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याची बिल्डिंग होऊन बरीच वर्षं झाली, पण तळमजल्यावरच्या काकू अजून जिन्यातूनच हाक मारतात. परवा मात्र हाक न मारता वर आल्या, हातात फाइल. बहिणीच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट. “ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू तीन प्लस. दोन निगेटिव्ह आहेत, तेवढं तरी बरं ना रे?”

इथेच बहुतेकांची गफलत होते. हे निगेटिव्ह करोनाच्या टेस्टमधलं नव्हे. गाठीतल्या पेशी कुणाच्या सांगण्यावरून वाढताहेत, याचा तो तपास असतो. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप घेणारं प्रथिन, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा निरोप घेणारं. स्तनाच्या सुमारे 70 टक्के कर्करोगांत ईआर सापडतं आणि तिथे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. काकूंच्या बहिणीला त्या गोळीचा उपयोग नाही, एवढाच त्या दोन निगेटिव्हचा अर्थ.

खरी गोष्ट तिसऱ्या ओळीत आहे. हर-टू हे प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार रुतलेलं असतं, दाराबाहेर बटण आणि घरात घंटा असावी तसं. त्याच्या भावंडांना बाहेरून एखादा रेणू येऊन चिकटला की ती जागी होतात, जोडी जमवतात आणि आत निरोप धाडतात. हर-टूचं बटण दाबणारा असा रेणू मात्र आजवर सापडलेला नाही. ते कायम जोडी जमवायच्या पवित्र्यातच असतं. संख्या माफक असते तोवर बिघडत नाही. पण 17व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या दोनाऐवजी ढीगभर प्रती झाल्या, की आवरणावर हर-टूची इतकी दाटी होते की ती आपापसातच जोड्या जमवतात. ‘बेल एकदाच वाजवावी’ ही पाटी लावून उपयोग काय, बेल वाजवायला दारात कुणी नाहीच!

आत निरोप दोन वाटांनी जातो. रास नावाच्या प्रथिनापासून सुरू होणारी साखळी केंद्रकाला सांगते, विभाजन कर. पीआय-थ्री-के आणि एकेटी यांची साखळी सांगते, मरू नकोस. मला दुसरा निरोप जास्त घातक वाटतो. बिघडलेल्या पेशीने स्वतःला संपवावं ही शरीराची जुनी शिस्त तो मोडून काढतो.

तीन प्लस म्हणजे काय, ते सूक्ष्मदर्शकाखाली लख्ख दिसतं. हर-टू दाखवणारा रंग दिला की पेशींच्या कडा गडद तपकिरी होतात आणि स्लाइडवर कोंबडीच्या खुराड्याची जाळी पसरल्यासारखी दिसते. दोन प्लसची जाळी फिकी असते. तेव्हा फिश नावाची तपासणी करून जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजतात. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रावणात 6 ते 72 तास असावा, हेही महत्त्वाचं. शनिवारी काढलेला तुकडा सुट्ट्यांमुळे तसाच पडून राहिला, तर रंग दगा देऊ शकतो.

1987 साली अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी 189 गाठी तपासल्या. सुमारे 30 टक्के गाठींत या जनुकाच्या जादा प्रती होत्या आणि त्या रुग्णांचा आजार लवकर उलटत होता. आता हे प्रमाण 15 ते 20 टक्के धरतात. म्हणजे तेव्हा तीन प्लस ही वाईटच बातमी ठरली असती. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. हे प्रतिपिंड हर-टूच्या बाहेरच्या भागाला धरून बसतं. पुढे आलेलं पर्टुझुमॅब जोडीच जमू देत नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि फाइलमधला शेवटचा कागद पुढे केला. “मग गाठ इथे, आणि टूडी इको कशाला सांगितलाय?”

कारण हृदयाच्या स्नायूपेशीही ताण सोसून तगण्यासाठी हर-टूच वापरतात. औषध तिथली घंटाही बंद पाडतं, म्हणून काही जणींच्या हृदयाची पंपिंगची ताकद कमी होते. बहुतेकदा औषध थांबवलं की ती बरीचशी भरून येते, पण वेळेत कळायला हवं. म्हणून सुरुवातीला एक इको आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी.

काकूंनी माझंच पेन घेतलं आणि कालनिर्णयच्या पानावर लिहायला तारखा विचारल्या.