विकिपीडियातील योगदानाच्या प्रेरणा

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशासाठी मोबदला न घेता लेख लिहिणे, तपासणे व सुधारणे यांमागची कारणे. ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी आवृत्ती १ मे २००३ ची, म्हणजे महाराष्ट्र दिनाची. लेखाखाली लेखकाचे नाव छापले जात नाही. ते लेखातील बदलांची नोंद असलेल्या ‘इतिहास’ या पानावर असते आणि तिथे सहसा इतर संपादकच फिरकतात.

संशोधक ओडेड नोव्ह यांच्या २००७ मधील पाहणीत इंग्रजी विकिपीडियाचे १५१ संपादक सहभागी होते. ‘यात मजा येते’ आणि ‘माहिती सर्वांना खुली असावी’ ही कारणे सर्वांत वर आली. ती संपादनात घालवलेल्या वेळाशी ताडून पाहिली, तेव्हा मजेचा मेळ बसला. तत्त्वाचा फारसा बसला नाही. माणसे स्वतःबद्दल जे सांगतात ते खोटे नसले, तरी पुरेसे नसते.

त्याहून बोलका पुरावा चिनी विकिपीडियाचा आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये चीनने या संकेतस्थळावर बंदी घातली. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर येथील सदस्यांना कसलीच आडकाठी नव्हती. उलट लिहायचे विषय जास्त उरले होते. तरीही बंदीबाहेरच्या सदस्यांचे योगदान सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटले, असे झांग आणि झू या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. गट वाढला की प्रत्येकजण दुसऱ्यावर भिस्त ठेवून अंग काढून घेतो, हा अर्थशास्त्रातील जुना समज इथे गट लहान झाल्यावर उलटा ठरला. सदस्य एकमेकांशी बोलतात त्या चर्चा पानांवर अधिक रमणाऱ्यांचे लेखन तर जास्तच आटले.

कौतुकाचा परिणाम मोजणे सोपे, कारण ‘बार्नस्टार’ हे मानचिन्ह कोणताही सदस्य दुसऱ्याला देऊ शकतो. २०१२ मधील एका प्रयोगात सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांपैकी काहींना ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणताही निकष न लावता दिले. पुढील ९० दिवसांत त्यांचे काम, ते न मिळालेल्यांच्या तुलनेत, ६० टक्क्यांनी जास्त भरले. कमी सक्रिय सदस्यांवर मात्र नंतरच्या प्रयोगात असा परिणाम दिसला नाही. नवख्यांचे वेगळे असते: जर्मन विकिपीडियावर त्यांना दिलेल्या गौरवचिन्हाने टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढले.

निरुत्साहाचे कारणही माणसांतच सापडते. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ नंतर घटू लागले. खोडसाळपणा रोखण्यासाठी आणलेली स्वयंचलित साधने आणि वाढत गेलेले नियम यांमुळे चांगल्या हेतूने आलेल्या नव्या सदस्यांची संपादनेही पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात उलटवली जाऊ लागली, आणि अशा सदस्यांपैकी बरेच जण परत आले नाहीत.