व्हिसा न लागणारं कॅरिबियन: प्वेर्तो रिको 'डोमेस्टिक' कसं झालं

अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींत थंडीच्या लाँग वीकेंडचा विषय निघाला की गाडी हमखास प्वेर्तो रिकोवर, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर, येऊन थांबते. एकाचं व्हिसा स्टॅम्पिंग संपलेलं, दुसऱ्याचं ग्रीन कार्ड लटकलेलं, तिसरीचा पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला, बहामा-जमैकाचं नाव काढलं की प्रत्येकाची वेगळी भानगड, आणि इथे मात्र डोमेस्टिक फ्लाइट, डॉलर, तोच मोबाइल प्लॅन, किल्ल्यावर नॅशनल पार्कचा वार्षिक पास सुद्धा चालतो (व्हिसावाल्यांनी आपले कागद जवळ ठेवावेत, ते कुठेही ठेवावेच लागतात). तीन-चार दिवसांत सगळं उरकून परत. पण ही जी सोय आहे ना, ती कोणी टुरिस्टांसाठी केलेली नाही, त्यामागे एक युद्ध आणि एक जरा विचित्र कोर्टकेस आहे.

सुरुवात अर्थात स्पॅनिश लोकांपासून. कोलंबस 1493 मध्ये दुसऱ्या सफरीत इथे पोचला, तेव्हा तायनो लोक राहायचे आणि ते बेटाला बोरिकेन म्हणायचे. 1508 मध्ये पोन्से दे लेओनने वसाहत टाकली, तायनोंना सोन्याच्या खाणींवर जुंपलं, रोगराई आणि मारझोडीत ते भराभर मेले, आणि सोनं तर काही दशकांतच आटलं. मग स्पेनने हे बेट का सोडलं नाही? कारण नकाशा बघा. युरोपातून वाऱ्यावर येणारी जहाजं कॅरिबियनमध्ये शिरतात त्या तोंडाशीच हे बेट, आणि राजधानी सान हुआनचं बंदर खोल, आतून सुरक्षित. म्हणून 1539 पासून तिथे एल मोरो किल्ला बांधायला घेतला आणि पुढे अडीचशे वर्षं तटबंदी वाढतच गेली, खर्चाला पैसा यायचा मेक्सिकोच्या चांदीतून. गाइड लोक चाचे-चाचे करतात, ऐकायला मजा येते, पण खरी भीती दुसऱ्या राजांच्या आरमारांची होती. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक आला, तोफांनी परतवला. 1598 मध्ये अर्ल ऑफ कंबरलंड हा इंग्रज सरदार हुशारीने जमिनीकडून आला, त्याने किल्ला घेतला सुद्धा, आणि मग त्याच्या सैन्याला हगवण लागली आणि गडी निघून गेला. 1625 मध्ये डचांनी शहर जाळलं पण मोरो काही मिळाला नाही. जमिनीकडून कोणी येऊ नये म्हणून मग दुसऱ्या टोकाला सान क्रिस्तोबाल हा दुसरा किल्ला उभा राहिला. जुन्या सान हुआनच्या गल्ल्यांत पणजीच्या फोंतेन्हासची आठवण येते, रंगीत घरं, लाकडी बाल्कन्या, बाजूला चर्च. फक्त इथला समुद्र जास्त चिडका.

आता मुख्य वळण. 1897 च्या शेवटी स्पेनने बेटाला स्वायत्तता दिली, 1898 मध्ये त्यांचं स्वतःचं सरकार जेमतेम कामाला लागलं, आणि 25 जुलै 1898 ला अमेरिकन सैन्य ग्वानिकाला उतरलं. क्युबावरून स्पेन आणि अमेरिकेत पेटलेल्या युद्धात हे बेट आपसूक अमेरिकेकडे गेलं, डिसेंबरमध्ये पॅरिसला तह झाला, सह्या झाल्या, बेटावरच्या एकाही माणसाला कोणी विचारलं नाही.

मग प्रश्न पडला की हे अमेरिका आहे का नाही. आणि तो कोर्टात गेला कशावरून, तर संत्र्यांवरून! सान हुआनहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर कस्टम ड्युटी लावली, व्यापारी भांडत सुप्रीम कोर्टात गेला, आणि 1901 मध्ये डाउन्स विरुद्ध बिडवेल खटल्यात निकाल आला की बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे पण अमेरिकेचा भाग नाही, त्यामुळे ड्युटी बरोबर. मला विचाराल तर अख्खा इतिहास या एका निकालात आहे. 1917 मध्ये नागरिकत्व दिलं पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही, आजही नाही, आणि काँग्रेसमधल्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या) त्यांच्या प्रतिनिधीला सभागृहात अंतिम मतदान नाही. 1952 मध्ये स्वतःची राज्यघटना आली, ती लागू करायला मुद्दाम 25 जुलैच निवडला, अमेरिकन सैन्य उतरलं तोच दिवस. आणि हा अर्धवटपणा रस्त्यावर पण दिसतो: पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये, स्पीड लिमिट मैलांमध्ये, पेट्रोल लिटरवर.

टुरिझम तसा उशिरा आला. आधी ऊस, मग 1940 च्या दशकाच्या शेवटी इथला नेता मुन्योस मारिनच्या काळात कारखाने आणायची मोहीम, टॅक्स माफ करून. त्यातच सरकारने स्वतःच्या पैशाने कॅरिब हिल्टन बांधलं, 1949 मध्ये उघडलं, आणि चालवायला हिल्टनला दिलं. पिन्या कोलाडा (रम, अननस आणि नारळाचं कॉकटेल) 1954 मध्ये इथेच जन्माला आली असा हॉटेलचा दावा आहे (जुन्या शहरातला एक बार पण हाच दावा करतो, दोन्हीकडे पिऊन ठरवा). पुढे क्युबात क्रांती झाली, हवानाला जाणारा अमेरिकन टुरिस्ट अडकला आणि तो सान हुआनला यायला लागला.

बीचचा किस्सा मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. शेजारच्या कुलेब्रा या छोट्या बेटाचा फ्लामेंको बीच, ज्याच्यासाठी सगळे पहाटे उठून फेरी पकडतात, तो अमेरिकन नौदलाच्या गोळाबारीच्या सरावाचा भाग होता, स्थानिकांनी आंदोलन करून 1975 मध्ये तो सराव थांबवला, वाळूत गंजलेले रणगाडे आहेत ते त्याचेच. बिएकेस या दुसऱ्या छोट्या बेटावर तर 1940 च्या दशकात नौदलाने बहुतेक जमीन ताब्यात घेऊन लोकांना मधल्या पट्ट्यात ढकललं. 1999 मध्ये चुकीच्या जागी पडलेल्या बॉम्बने एक स्थानिक सुरक्षारक्षक मेला, लोकांनी सरावाच्या मैदानातच तळ ठोकला, आणि 2003 मध्ये नौदल गेलं. आज तिथले बीच इतके मोकळे, हॉटेलांशिवायचे दिसतात त्याचं कारण हेच, बांधायला परवानगीच नव्हती. दोन्ही बेटांची फेरी मुख्य बेटावरच्या सेइबाहून सुटते ना, ती जागा पण जुना नौदल तळच.

महागाईचं म्हणाल तर 1920 चा एक कायदा आहे, अमेरिकेच्या दोन बंदरांमधला माल अमेरिकन जहाजातूनच गेला पाहिजे, तो इथेही लागू. पुढे कारखान्यांची टॅक्स सवलत 2006 पर्यंत संपवली, कारखाने गेले, सरकार कर्ज काढत राहिलं, 2016 मध्ये काँग्रेसने त्यांच्या पैशावर नजर ठेवायला वरून एक मंडळ बसवलं. वीज कंपनी त्याच कर्जात बुडालेली, आणि 20 सप्टेंबर 2017 ला मारिया वादळाने अख्खं ग्रिड झोपवलं, काही डोंगरी गावांत वीज यायला जवळजवळ 11 महिने लागले. अजूनही अधूनमधून दिवे जातात, त्यामुळे एअरबीएनबी बुक करताना पूल-बिल नंतर, आधी जनरेटर आणि पाण्याची टाकी आहे का ते विचारा.