आर्थर व्हॉर्टन ‘जगातला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू’ नव्हता

व्हॉर्टनची आठवण निघाली की हे बिरुद हमखास चिकटवलं जातं. ते चुकीचं आहे. अँड्र्यू वॉटसन त्याच्या आधीचा. गयानात जन्मलेल्या वॉटसनने 12 मार्च 1881 रोजी स्कॉटलंडचं कर्णधारपद भूषवलं आणि लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला 6-1 असं हरवलं. व्हॉर्टन तेव्हा जेमतेम 15 वर्षांचा होता!

व्हॉर्टनचा खरा मान वेगळा. व्यावसायिक, म्हणजे खेळण्याचे पैसे घेणाऱ्या खेळाडूंमधला पहिला कृष्णवर्णीय म्हणून तो सर्वसाधारणपणे ओळखला जातो. 1865 मध्ये अक्रा (आजच्या घानाची राजधानी) इथे जन्मलेला हा मुलगा धर्मप्रचारकाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला आला आणि मैदानात रमला. 1886 मध्ये 100 यार्डांची शर्यत त्याने 10 सेकंदांत जिंकली. आणि एवढा वेगवान माणूस फुटबॉलमध्ये मात्र गोलरक्षक! आधी डार्लिंग्टन, मग प्रेस्टन या इंग्लिश क्लबांकडून तो खेळला; 1889 मध्ये रॉदरहॅम टाउनशी करार करून तो व्यावसायिक झाला.

दुसरी समजूत अशी की, 1888-89 च्या प्रेस्टनच्या अजिंक्य संघात तो होता. तेव्हा त्याने प्रेस्टन सोडलं होतं. त्या हंगामात लीगमध्ये गोल राखला तो प्रामुख्याने जेम्स ट्रेनरने.

पुढे त्याने कोळसा खाणीत काम केलं. 1930 मध्ये तो गेला, तेव्हा थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसला 1997 मध्ये, तब्बल 67 वर्षांनी.