शेजारच्या खाटेवरची फीत

पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४१ला, अमेरिकी लष्कराच्या एका डिव्हिजनमधले शिपाई प्रश्नावल्या भरत बसले होते. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांच्या चमूने युद्ध संपेपर्यंत पाच लाखांहून जास्त सैनिकांना असं बोलतं केलं. जेवण, कपडे, अधिकाऱ्यांची वागणूक, बढती, सगळं विचारलं.

बढतीच्या उत्तरांनी मात्र त्यांना कोड्यात टाकलं. हवाई दलात बाहीवरच्या बढतीच्या फिती भराभर मिळत. लष्करी पोलिसांत बहुतेकांची बाही कोरीच. ‘लायक माणसाला इथे बढतीची चांगली संधी आहे का?’ या प्रश्नावर जास्त कुरकुर केली ती हवाई दलवाल्यांनी!

स्टाउफरनी लावलेला उलगडा साधा आहे. लष्करी पोलिसातला शिपाई आजूबाजूला बघतो, तर बहुतेक जण त्याच्यासारखेच. फीत नाही म्हणून वाईट वाटायचं कारण नाही, आणि मिळालीच तर तो राजा. हवाई दलात सुमारे निम्म्या जणांच्या बाहीवर फिती. ज्याला मिळाली त्याला अप्रूप नाही. ज्याला नाही, तो रोज रात्री शेजारच्या खाटेवर टांगलेला शर्ट बघतो. (पगारवाढीचं पत्र हाती आलं की आपली नजर आधी शेजारच्या टेबलाकडे जाते, तसंच.) याला ‘सापेक्ष वंचितता’ हे नाव याच अभ्यासातून मिळालं. विवाहित शिपायांची चिडचिडही तशीच: बराकीतल्या सड्याफटिंगापेक्षा आपण जास्त गमावलं, आणि गल्लीतला दुसरा बायकापोरांचा माणूस तर अजून घरीच.

माझ्या मते, या अभ्यासाचा सर्वांत शहाणा उपयोग शेवटी झाला. जर्मनी पडल्यावर आधी घरी कोणाला सोडायचं, हे सैनिकांनाच विचारून गुण ठरवले. सेवेच्या दर महिन्याला १, परदेशातल्या महिन्याला आणखी १, मोहिमेत भाग घेतल्याच्या ताऱ्याला किंवा पदकाला ५, दर मुलामागे १२, पण तीन मुलांपर्यंतच. मे १९४५मध्ये सुटकेसाठी ८५ गुण लागत. वशिला नाही, साहेबाची मर्जी नाही. प्रत्येकाला बोटांवर मोजता येत होतं.

समजा, एकाची सेवा ३० महिने, त्यातले २० परदेशात, दोन तारे, दोन मुलं. ३० अधिक २०, अधिक १०, अधिक २४. चौऱ्याऐंशी. एका गुणाने हुकला. पण कशाने, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.