टाळू तेलाने भरत नाही

परवा कोथरूडला ताईकडे गेलो तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला मावशी आल्या होत्या. आंघोळ झाल्यावर टाळूवर तेल थापत म्हणाल्या, "रोज तेल जिरवलं की टाळू लवकर भरते", आणि मग दोन्ही तळव्यांनी डोकं दाबून गोल करायला लागल्या. मालिशबद्दल माझी काही तक्रार नाही, बाळ त्यानंतर मस्त झोपतं, पण टाळू तेलाने भरत नाही आणि आत खरं काय चालतं ते इतकं भारी आहे की लिहिल्याशिवाय राहवेना.

कवटी आपल्याला एकसंध वाटते, पण मोठ्या माणसाच्या डोक्यात २२ हाडं धरतात, मेंदूभोवती ८ आणि चेहऱ्याची १४, कानातली इवलीशी ६ वेगळी. हलतो फक्त खालचा जबडा. बाकीची शिवणींनी जोडलेली, डॉक्टर त्यांना सूचर म्हणतात. (बाळाचं नाक चिमटीत धरून ओढतात ना, त्या शेंड्याला हाडच नसतं, कूर्चा असते.)

बाळाचं कपाळ दोन तुकड्यांचं असतं. ते दोन आणि मागची दोन हाडं यांचे चार कोपरे जिथे जवळ येतात तिथे पतंगासारखी मोकळी जागा राहते, तीच टाळू. तिथे चिवट पडदा असतो आणि उजेडात वाकून बघितलं तर हृदयाच्या ठोक्याबरोबर ती हलताना दिसते. जन्माच्या वेळी ही हाडं एकमेकांवर थोडी सरकतात म्हणून तर डोकं बाहेर येऊ शकतं.

आता माझा आवडता भाग. मेंदू वाढतो तसं त्याच्याभोवतीचं आवरण, ड्युरा, ताणलं जातं, तो ताण आणि ड्युरातून येणारे रासायनिक निरोप शिवणीतल्या पेशींना मिळतात, त्यातल्या काही हाड घालणाऱ्या पेशी बनतात आणि दोन्ही काठांवर नवं हाड चढत जातं, पण मधल्या पेशी तशाच राखीव राहतात म्हणून शिवण बुजत नाही. जन्मताना साधारण ३५ सेंमी असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४६-४७ सेंमी होतो तो असा. एखादी शिवण वेळेआधी बुजली तर तिच्या आडव्या दिशेची वाढ अडते आणि डोकं दुसरीकडे लांबतं, हे फिर्खो या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्येच मांडलं होतं. मोठी टाळू बहुतेक बाळांची वर्ष-दीड वर्षात भरते, मागची छोटी दोन-तीन महिन्यांत.

पाचवीला ताईच्या सासूबाईंनी पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, सटवाई कपाळी लिहून जाते म्हणून. कॉलेजात मी खरी कवटी हातात घेतलीय, तिच्यावरची शिवण अगदी मोडीतल्या घाईच्या ओळीसारखी दिसते, त्यावरून कुणाला लिखाण सुचलं असेलही. पण ती रेघ मेंदूच्या वाढीने काढलेली असते, आणि कपाळावरची शिवण तर बहुतेकांची पहिल्या वर्षातच मिटून जाते.

मावशींना मी एवढंच सांगितलं की तेल लावा, पण दाबू नका. आणि ताईला सांगितलं की बाळ शांत असताना, उभं धरलेलं असतानाही टाळू फुगलेली दिसली, किंवा जुलाब-उलट्या होऊन खोल गेली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जायचं.