घरात ढेकूण दिसल्यास वरची फट लगेच बुजवू नका

ठाण्यातील घोडबंदर रस्ता आणि येऊरच्या पायथ्याजवळच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवरून आमच्या कीटकनियंत्रण सेवेकडे एकच तक्रार वारंवार येते: गादी बदलली, दोनदा फवारणी झाली, तरी भिंतीवर ढेकूण आहेतच. अशा घरांत आम्ही पलंगाआधी गच्चीवरचे पत्रे, एसीचा डबा आणि दोन विंगांमधला सांधा पाहतो, कारण तिथे पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी लहान वटवाघळे, राहत असतील तर ढेकूण तिथूनही येऊ शकतात. फटीखाली पडलेली लेंडी काडीने दाबावी. भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांचे कण चमकले, तर ती उंदराची नव्हे.

वटवाघळांचे रक्त पिणारे हे ढेकूण पोट भरले की फटीत लपतात आणि उपाशी राहूनही कित्येक महिने तग धरतात. वटवाघूळमाशी मात्र वटवाघळांच्या केसांतच वावरते. एका ग्राहकांनी डबीत आणलेली अशी माशी त्यांना कोळी वाटली होती; पण तिला पाय सहाच होते, पंख नव्हते आणि डोके पाठीवर दुमडलेले होते. तिची मादी अंडी न घालता पूर्ण वाढलेली अळीच भिंतीवर सोडते. वटवाघूळ मिळाले नाही तर ही माशी थोड्याच दिवसांत मरते, म्हणून तिची धास्ती नको.

आमचा आणि आपला खरा वेळ जातो तो एकाच चुकीने. आम्ही पोहोचण्याआधी कोणी भरदिवसा सिमेंट किंवा फोम भरून फट बुजवतो. मग आत झोपलेली वटवाघळे कोंडून मरतात, दुर्गंधी सुटते आणि उपाशी ढेकूण वायरींच्या नळीतून खाली उतरून माणसांना चावू लागतात. शेवटी तेच सिमेंट आम्हांला फोडावे लागते.

पहिल्या भेटीत आम्ही फवारणी करत नाही, त्यामुळे आम्ही काम लांबवतो असे काहींना वाटते. परंतु आधी फटीवर खालून मोकळी राहील अशी जाळी लावावी लागते, जेणेकरून संध्याकाळी पाकोळ्या बाहेर पडतील, पण परत शिरू शकणार नाहीत. उडता न येणारी पिल्ले असतील, तर ती उडेपर्यंत आम्ही थांबतो. किडे खाऊन राहणाऱ्या या प्राण्याला मारण्याचे काम आम्ही घेत नाही. फट रिकामी झाल्याची खात्री पटल्यावरच औषध मारून ती बुजवतो.

सापडलेला कीटक न चिरडता पारदर्शक चिकटपट्टीवर जपून ठेवावा. वटवाघूळ, जिवंत वा मेलेले, उघड्या हाताने उचलू नये. पाहणीचे शुल्क काम दिल्यास बिलातून वजा होते आणि बुजवलेल्या फटीची वर्षभराची हमी आम्ही लेखी देतो.