मॉकला कंपायलरचे मॅक्रो का दिसत नसत

क्यूटी ही सी++ मधली ॲप्स लिहायची लायब्ररी. तिचं सिग्नल-स्लॉट, म्हणजे एका वस्तूने घटना कळवायची (सिग्नल) आणि दुसरीच्या फंक्शनने (स्लॉट) ती ऐकायची, हे सी++ भाषेत मुळात नाही. म्हणून 1995 च्या पहिल्या आवृत्तीपासून मॉक हा वेगळा प्रोग्रॅम कंपायलरच्या आधी हेडर (वर्गांच्या घोषणांची फाइल) वाचतो आणि लागणारा जोडकोड लिहून देतो. तो पूर्ण कंपायलर नाही, पण प्रीप्रोसेसर, म्हणजे मॅक्रो (नावांना दिलेला मजकूर) आणि त्यांवरच्या अटी आधी सोडवणारा भाग, त्याचा स्वतःचा आहे, आणि ग्यानबाची मेख तिथेच. जीसीसी हा कंपायलर फाइल उघडण्याआधीच शेकडो मॅक्रो ठरवून बसतो. मॉककडे मात्र क्यू_मॉक_रन, __सीप्लसप्लस आणि आणखी एकदोन. त्यातही __सीप्लसप्लसला किंमत नाही, म्हणजे 201703 (सी++ 17 चा आकडा) शी तुलना करणाऱ्या अटीचा भरवसा नाही.

समजा डिचोलीच्या खनिज ट्रकांचा वजनकाटा सीरियल पोर्टवरून वाचणारा वर्ग आहे आणि त्यातला एक सिग्नल __लिनक्स__ च्या इफडेफमध्ये, म्हणजे तो मॅक्रो असेल तरच वाचल्या जाणाऱ्या भागात, आहे. मॅक्रो बाहेरून पुरवले नसतील तर कंपायलरला तो दिसतो, मॉकला नाही. मग सिग्नलचं शरीर कोणीच लिहीत नाही आणि लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा) 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून अडतो. स्लॉट गाळला गेला तर प्रकरण जास्त वाईट. बिल्ड सुरळीत होतो आणि जुन्या, स्ट्रिंगवाल्या पद्धतीचा कनेक्ट (सिग्नलला स्लॉट जोडणारं फंक्शन) चालवतानाच 'नो सच स्लॉट' सांगतो. अख्खा वर्गच इफडेफमध्ये असेल तर लिंकरला व्हीटेबल (वर्गाच्या व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता) सापडत नाही. या तिन्ही खुणांवर माणसं आपलाच कोड तपासत बसतात.

पूर्वीचे उपाय हातचे होते: मॉकला -डी देऊन मॅक्रो पुरवायचा, किंवा न पचणारं हेडर क्यू_मॉक_रनच्या आडोशाला ठेवायचं. क्यूटी 4 च्या काळात बूस्ट या सी++ लायब्ररीच्या 'बूस्ट_जॉइन'वर मॉक अडखळे, तेव्हा दुसरा उपाय सर्रास चाले.

खरा उपाय क्यूटी 5.8 मध्ये, 2017 साली आला: कंपायलरलाच विचारायचं. रिकाम्या सी++ फाइलवर जीसीसी -डीएम -ई ने चालवला की तो आपले सगळे मॅक्रो ओकतो. क्यूमेक हे क्यूटीचं बिल्ड साधन ते मॉक_प्रीडेफ्स.एच मध्ये साठवून मॉकला देतं. सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाने हेच 3.10 पासून ऑटोमॉकमध्ये (मॉक आपोआप चालवणारी सोय) घेतलं.

तरी दोन ठिकाणी पाय घसरतो. क्यूमेकमध्ये ही फाइल फक्त एका रिकाम्या नमुना फाइलवर अवलंबून असते. सी++ 11 वरून 17 वर गेलात किंवा ओपनएमपी (समांतर काम करण्याची सोय) चालू केलंत, तरी जुनीच राहते. ती पुसून पुन्हा बिल्ड करा. दुसरं, वेर्ण्याच्या कारखान्यातल्या एआरएम पॅनेलसाठी बिल्ड करताना यादी क्रॉस कंपायलरचीच (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणाऱ्या कंपायलरची) हवी. मॉक_प्रीडेफ्स.एच उघडून __एक्स86_64__ (लॅपटॉपच्या प्रोसेसरचा मॅक्रो) शोधा. तो सापडला तर यादी लॅपटॉपच्या कंपायलरची आहे.